दवबिंदूला आग्रह

२०२४ च्या मार्च महिन्यात आमची नात पुण्याहून बडोद्यास आली, तेव्हा तिच्या सामानात जोड्यांच्या खोक्याएवढे एक खोके होते आणि स्टेशनापासून घरापर्यंत ते तिने कोणाच्याही हाती दिले नाही. आत ओलसर कागदात गुंडाळलेले, वीतभरही उंची नसलेले एक रोपटे होते. नात वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. तिने ते कोणा हौशी संग्राहकाकडून मागविले होते. खोके वाटेत पाच दिवस अडकून पडले आणि हाती येते न येते तोच रोपट्याला हा दुसरा प्रवास घडला. पाने कडेने तपकिरी झाली होती, मधला कोंब तेवढा हिरवा होता. नातीने ते एका कुंडीत लावले आणि चार दिवसांनी आमच्या स्वाधीन करून ती परत गेली, कारण तिला महिनाभर अभ्यासदौऱ्यावर जावयाचे होते. निघताना म्हणाली, "आजोबा, याचं फार काही करू नका. पाण्याचं तेवढं बघा." पाणी कोणते घालावयाचे हेही आपण सांगितले होते, असे तिचे म्हणणे आहे. आम्हांला ते स्मरत नाही. "फार काही करू नका" हे मात्र आम्ही ऐकले होते आणि तरुण मुलांच्या बोलण्यातला एक उडता शब्द म्हणून सोडून दिले होते.

ही वनस्पती म्हणजे ड्रोसेरा. आपल्याकडे तिला दवबिंदू म्हणतात, आणि तिच्या शास्त्रीय नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही दवाने भिजलेला असाच आहे. जगात तिच्या दोनशेहून अधिक जाती असून अंटार्क्टिका सोडल्यास एकही खंड तिला वर्ज्य नाही. आमच्याकडे आलेली जात दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील, ड्रोसेरा केपेन्सिस. तिची पाने पट्टीसारखी अरुंद व लांबट असतात. त्यांवर तांबूस केसांची दाटी असते आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट द्रवाचा एक चकाकता थेंब. किडा त्या थेंबावर बसतो तो तेथेच अडकतो. मग भोवतालचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात, काही वेळाने पानही त्याच्याभोवती वळते, आणि पाचक रसांनी किड्याचे मऊ शरीर विरघळून पानात जिरते. एवढा खटाटोप करावा लागतो, कारण ज्या जमिनीत ही वनस्पती वाढते तिच्यात नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतेच. मुळे असतात ती पाणी ओढण्यापुरती आणि रोप जागेवर धरून ठेवण्यापुरती.

तिचे भाऊबंद आपल्याला अगदीच परके नाहीत. साताऱ्याजवळचे कासचे पठार आणि कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाचे सडे येथे पावसाळ्यात गवती दवबिंदू उगवते. दगडावर बोट-दोन बोटे मातीचा थर, आणि त्यात जो काही कस असेल तो महिनोन्महिने कोसळणारा पाऊस धुऊन नेतो. अशा ठिकाणी ती रुजते, फुलते, बी धरते आणि पाऊस सरला की वाळून जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी, कासला आजच्यासारखी गर्दी नव्हती तेव्हा, भाद्रपदात आम्ही तेथे गेलो होतो. आमच्या बरोबरच्या एका गृहस्थांनी मोहाने एक रोप मुळासकट उपटून ओल्या रुमालात घेतले. साताऱ्याच्या बसस्थानकावर रुमाल उलगडला, तेव्हा आत तांबूस लगद्यापलीकडे काही उरले नव्हते. त्यांनी तो रुमाल झटकला आणि आम्ही चहा प्यायला गेलो. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

येथवर वाचून ह्या पत्रिकेच्या वाचकांस एक उपमा सुचली असेल. आपण सारे एका मातीतून उचलून दुसऱ्या मातीत रुजलेल्यांचे वंशज. तेव्हा परमुलुखातले रोपटे पाहून आपला जीव कळवळावा, हे ओघानेच आले. ही उपमा आम्हांलाही सुचली होती आणि दोन दिवस तिने आम्हांला बरेच भावुक करून ठेवले. पण ती टिकत नाही. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीसाठी आले ते आपल्या पायांनी आणि आपल्या इच्छेने. त्यांना येथे काळी, कसदार भुई लाभली आणि ते तिच्यावर पोसले गेले. ह्या रोपट्याला कसदार भुई लाभली की ते मरते. उपमेच्या नादाने आम्ही हा फरक विसरलो आणि पुढील अनर्थाला तेही एक कारण झाले.

अनर्थ असा. आग्रहाच्या घरात आम्ही वाढलो. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांत ज्यांनी पंगती पाहिल्या आहेत, त्यांना आग्रह म्हणजे काय हे सांगावयास नको. वाढप्याने जिलबीचे ताट घेऊन उभे राहावे, पाहुण्याने पानावर आडवा हात धरावा, वाढप्याने त्या हाताच्या फटीतून जिलबी सोडावी आणि यजमानाने "आमची शपथ आहे" म्हणून वर एक ठेवावी. ज्या पंगतीत असे झाले नाही ती पंगत रुक्ष. पानावरून "पुरे" असा शब्द आला की त्याचा अर्थ "आणखी दोनदा विचारा" असा करावयाचा, हे आम्ही मुंजीच्या आधी शिकलो. तेव्हा आजारी, वाळलेले, लांबून आलेले रोपटे दारी आल्यावर त्याला नुसते पाणी दाखवून स्वस्थ बसणे हे आमच्या रीतीत बसणारे नव्हते.

पहिल्या दिवशी ते अशक्त दिसले म्हणून आम्ही त्याला पश्चिमेच्या खिडकीत, भर उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी नातीने भरलेली कुंडी पाहून सौ. म्हणाल्या, ही काय माती आहे, हिच्यात काही जीव नाही. आणि तुळशीच्या कुंडीतील मूठभर खतावलेली माती त्यांनी वर पसरली. नातीने कुंडीत पीट मॉस आणि धुतलेली वाळू बुद्ध्याच घातली होती. तिच्यात जीव नसणे हाच तिचा गुण होता. पाणी आम्ही घरातलेच घातले. बडोद्यातील जुन्या माणसांना आजव्याच्या पाण्याचा अभिमान असतो. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या त्या तलावाने ह्या शहराची तहान भागविली, हे आमच्या वडिलांनी आम्हांला शंभरदा सांगितले असेल. परंतु आमच्या इमारतीच्या टाकीत आता नळाच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणी मिसळते, आणि त्याने स्वयंपाकघरातील नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तसाच थर आठवड्याभरात कुंडीच्या काठावर धरला. पुढे गुलाबासाठी आणलेल्या खताचे चमचाभर पाणी झाले. शेवटी, मांसाहारी वनस्पती आहे आणि आपल्या घरात मांस तर येत नाही, असा विचार करून मोहरीएवढा पनीरचा कण एका पानावर ठेवला. त्यावर तिसऱ्या दिवशी राखाडी बुरशी आली.

बारा दिवसांत पाने काळी पडली. दवाचा थेंब तर आल्यापासून एकही दिसला नव्हता. दव नसलेला दवबिंदू पाहून आमची चिंता वाढे आणि चिंता वाढली की आम्ही आणखी काहीतरी घालीत असू.

अखेर नातीला दूरध्वनीवर रोपटे दाखविले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, जे जे घातलंत ते सगळं आता काढायचं." वरची माती खरवडून काढावयाची, काळी पाने कातरावयाची. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळते ते डिस्टिल्ड पाणी आणून कुंडीतून तीन-चार वेळा वाहू द्यावयाचे, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातील. कुंडी एका बशीत ठेवून बशीत नेहमी बोटभर तेच पाणी असू द्यावयाचे. पूर्वेच्या खिडकीत ठेवून सकाळचे ऊन द्यावयाचे आणि दुपारी पडदा ओढावयाचा. पुढे नवी पाने फुटली की उजेड हळूहळू वाढवावयाचा. बोट लावावयाचे नाही, खाऊ घालावयाचे नाही. दवाविषयीही तिने समजाविले: रोप एका जागेवरून दुसरीकडे गेले, हवा कोरडी झाली किंवा उजेड बदलला की ते प्रथम दव करणे थांबविते, थांबले म्हणजे मेले असे नव्हे. जुन्या पानांकडे पाहावयाचे नाही, मधल्या कोंबाकडे पाहावयाचे.

"आणि मग?" आम्ही विचारले.

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे वाट बघायची. तीन-चार आठवडे, कदाचित जास्त."

त्या तीन-चार आठवड्यांत जो विचार डोक्यात घोळला, त्यासाठी हे सारे लिहीत आहोत. रोपट्याच्या खिडकीशी आम्ही दिवसातून दहा वेळा जात असू. हातात चमचा नसल्याने तेथे उभे राहिल्यावर आपल्याच मनात काय चालले आहे ते दिसू लागले. रोपट्याला आमच्याकडून काहीएक नको होते. आम्हांला मात्र त्याला काहीतरी द्यावयाचे होते, आणि ते देता येत नाही म्हणून आम्ही कासावीस होतो. ती कासाविशी रोपट्याविषयीच्या कळकळीतून येते असे आजवर आम्ही समजत होतो. पण आता दोन्ही वेगळी करून पाहता येत होती. रोपट्याची गरज बशीत होती, बोटभर पाण्यापुरती. बाकी सारी गरज आमची होती.

आपल्यावरून जग ओळखावे, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि पुष्कळशा नीतिशास्त्राचा पाया तोच आहे. आपल्याला जे सुखकारक ते दुसऱ्याला द्यावे, आपल्याला जे दुःखकारक ते दुसऱ्याला देऊ नये. ह्यातील उत्तरार्ध बऱ्याच अंशी निर्दोष आहे. पूर्वार्धाची मात्र आम्हांला आता भीती वाटते. आपल्याला कसदार अन्न आवडते म्हणून आपण कस देतो, आपल्याला थंडीत ऊब हवी म्हणून ऊन देतो. देताना आपण दुसऱ्याकडे पाहतच नाही, आपल्या आतच पाहून वस्तू उचलतो. दवबिंदूच्या बाबतीत ही रीत घातक ठरली, कारण त्याची जडणघडणच दारिद्र्यावर झाली आहे. जे इतर झाडांना पोसते त्याने ह्याची मुळे जळतात. असे जीव थोडे असतील म्हणून म्हण खोटी ठरत नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्याविषयी आपण म्हण वापरीत आहोत, तो त्या थोड्यांपैकी आहे की नाही, हे म्हणीला कसे कळावे?

चार्ल्स डार्विन ह्या वनस्पतीच्या नादी लागला तो १८६० च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला होता आणि सारे जग त्यावर भांडत होते. हा गृहस्थ मात्र मित्राला लिहीत होता की, मला सध्या जगातील साऱ्या जातींच्या उगमापेक्षा ड्रोसेराची काळजी अधिक आहे. कीटकभक्षक वनस्पतींवरील त्याचे पुस्तक १८७५ साली निघाले. त्याने गोल पानांच्या जातीची एकतीस पाने घेऊन त्यांवरचे केस मोजले. सरासरी १९२ भरली. मग त्याने पानांवर काय काय ठेवून पाहिले: कच्चे मांस, अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, दूध, साखरेचे पाणी, चहा, काचेचा चुरा. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका असा मानवी केसाचा तुकडा केसाग्रावर ठेवताच पानावरचा तो केस वाकला. उलट पावसाचे जाड थेंब वरून आदळले तरी पान हलत नाही. नत्रयुक्त द्रवांना ते प्रतिसाद देते, साखरेच्या पाण्याला देत नाही. काचेचा तुकडा ते धरते, पण थोड्या वेळाने सोडून देते. आणि मांसाचा तुकडा फार मोठा असला, तर पानालाच इजा होते.

हे वाचताना आम्हांला डार्विनच्या बुद्धीपेक्षा त्याच्या वृत्तीचे नवल वाटले. त्यानेही पानावर नाना वस्तू ठेवल्या, आम्हीही ठेवल्या. परंतु त्याची प्रत्येक वस्तू हा एक प्रश्न होता, आणि प्रश्न विचारून तो उत्तराची वाट पाहत तासन्‌तास बसत असे. आमची प्रत्येक वस्तू हे उत्तर होते. पान काळे पडले हेही एक बोलणेच होते, पण त्यावर आम्ही पुढची वस्तू ठेवली.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, खाऊ घालणे मुळातच वाईट असे शास्त्र म्हणत नाही. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस ह्याने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटातील दवबिंदूंना मांसाचे कण दिले, दुसऱ्या गटाला काही दिले नाही. दिलेल्या रोपांना बिया दुपटीहून अधिक आल्या. तेव्हा निरोगी रोपाला दिलेला घास अंगी लागतो. दव आटलेल्या पानाजवळ मात्र तो पचविण्याचे साधनच नसते. घास तोच, घालणारा हात तोच. पलीकडे जे आहे ते बदललेले असते.

येथे एक गोष्ट लिहावी की लिहू नये ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. २००९ साली आमच्या मातोश्री वारल्या. वय एक्याण्णव. शेवटचे दोन महिने त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांचे खाणे दिवसेंदिवस कमी होत गेले. आम्ही उभयता, आमची बहीण, येणारेजाणारे, सर्वांचा एकच उद्योग होता: आईच्या पोटात काहीतरी जावे. लापशी, पेज, मेतकूट-भात, साबुदाण्याची खीर, मोसंब्याचा रस. "आई, एवढा एक घास घे. माझ्यासाठी घे." लहानपणी तिने आम्हांला चिऊकाऊच्या नावाने भरविले, आता आम्ही नातवंडांच्या, पंतवंडांच्या नावाने तिला भरवीत होतो आणि ह्या उलट फिरलेल्या चक्राचे आम्हांला कौतुकही वाटत असे. घरी येणारे डॉक्टर सावकाश म्हणाले होते की, आता शरीरच कमी मागते आहे, जबरदस्ती करू नका, ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने टिपा. ते आम्हांला निष्ठुर वाटले. बहिणीने तर त्यांच्या माघारी तसे बोलूनही दाखविले.

आई "अरे, पुरे" म्हणे. पुरे म्हणजे आणखी दोनदा विचारा, हे आम्ही शिकलोच होतो. मग ती तोंड उघडी. घास गालात धरून ठेवी. आम्ही बाजूला झालो की तो हळूच पदराने काढी. शेवटच्या आठवड्यात एका रात्री पेज घशात जाऊन तिला जो ठसका लागला, तो तासभर उतरला नाही. त्या वेळचे तिचे डोळे आम्हांला अजून दिसतात.

एवढी वर्षे आम्ही स्वतःस सांगत आलो की, आपण काही करावयाचे बाकी ठेवले नाही. ते खरेच आहे, आणि तेच आता बोचते. आईला भूक नव्हती, हे तिच्या शरीराने परोपरीने सांगितले. पण मुले कष्टी होतील म्हणून ती तोंड उघडीत राहिली. म्हणजे त्या दोन महिन्यांत घास तिने आमच्यासाठी गिळले. भूक आमची होती आणि ती भागविण्याचे काम एक्याण्णव वर्षांची बाई मरणाच्या अंथरुणावर करीत होती. रोपट्याला भीड नाही. त्याला आमचे मन राखावयाचे नव्हते. नको ते दिले तसे ते काळे पडले, आणि आईने भिडेखातर जे झाकून ठेवले होते, ते त्याच्या काळ्या पानांवर आम्हांला वाचता आले.

माणूस म्हणजे झाड नव्हे, हे आम्ही जाणतो. माणसाच्या आग्रहात अन्नाखेरीज दुसरेही काही असते. घास घेताना आईला आमच्या हाताचा स्पर्श होत होता, आणि तो तिला नकोसा नव्हता, असे आम्ही समजतो. निदान तसे समजण्याचा आमचा आग्रह आहे. सौ. तर म्हणतात की, आईंनी त्या पेजेतून मुलांचे प्रेमच घेतले, तुम्ही रोपट्यावरून उगाच स्वतःस दोष लावून घेता. त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढू शकलेलो नाही. परंतु स्पर्श द्यावयाचा होता, तर हात हातात घेता आला असता. चमचा मध्ये कशाला हवा होता?

दुसरा एक आक्षेप आमचा आम्हीच घेतला. काही न करण्याला एवढे महत्त्व दिले, तर कर्तव्य चुकविणाऱ्याच्या हाती आयतेच कोलीत मिळेल. वृद्ध आई-बापांना वर्षानुवर्षे भेटावयास न जाणारी मुलेही म्हणतील, आम्ही ढवळाढवळ करीत नाही. ह्याचे उत्तर त्या बशीत मिळाले. बडोद्याचा मे महिना, पारा बेचाळिशीच्या पुढे. बशीतील पाणी दिवसातून दोनदा आटे. एक दिवस आम्ही लग्नाला गेलो असतो आणि बशी कोरडी राहिली असती, तर सारा खेळ संपला असता. काही न घालण्याच्या त्या महिन्यात आमचे रोपट्याकडे जितके लक्ष होते, तितके नाना गोष्टी घालीत होतो तेव्हा नव्हते. तेव्हा घातले की सुटलो, असे होत असे. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म ह्यांचा जो गूढ भेद सांगितला आहे, त्यावर आम्ही तरुणपणी प्रवचने ऐकली आणि घरी येऊन निवांत झोपलो. बशीशी बसल्यावर त्यातले थोडेसे उमगल्यासारखे वाटले. पूर्ण उमगले असे म्हणण्याचे धाडस नाही.

किड्यांचा प्रश्न राहिलाच. शेजारच्या जैन कुटुंबातील वृद्ध बा आमच्याकडे नेहमी येतात. हे झाड जीव खाते असे कळल्यावर त्यांनी खिडकीकडे पाठ करून बसण्यास सुरुवात केली. आम्ही त्यांना सांगितले की, झाडाला पाप लागत नाही, त्याला दुसरी वाट नाही. त्या म्हणाल्या, "झाडाला नसेल लागत. तुम्हाला दुसरी वाट आहे ना?" आम्ही गप्प झालो, कारण पनीरच्या आधी एकदा आम्ही चिमट्याने एक मुंगी पानावर ठेवली होती, आणि हे वर लिहिताना गाळले होते. पानावर तेव्हा दव नव्हते, म्हणून मुंगी अडकली नाही. चिमट्याने पाय मोडल्यामुळे ती तशीच लंगडत राहिली. झाडाने पकडलेला किडा आणि आम्ही पकडून दिलेला किडा ह्यांत फरक आहे की नाही, ह्यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आम्हांला त्या मुंगीपुरता फरक स्पष्ट दिसला, आणि त्यानंतर चिमटा औषधांच्या डब्यात परत गेला.

मेअखेर शेवटचे पानही वाळले. मातीच्या वर एक काळे बोटुक तेवढे उरले. सौ. म्हणाल्या, आता विसर्जन करा. नात म्हणाली, केपेन्सिसची मुळे चिवट असतात, कुंडी फेकू नका. रिकाम्या कुंडीच्या बशीत रोज दोनदा पाणी घालणे हे शेजाऱ्यांना वेडेपणाचे वाटत असणार. आम्हांलाही ते तसेच वाटे. जूनच्या अखेरीस पाऊस लागला. गच्चीवर स्टीलची पातेली मांडून आम्ही पाणी धरले आणि बाजारच्या बाटल्यांपासून सुटका झाली. आषाढातल्या एका सकाळी बोटकापासून दोन अंगुळे दूर, मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे काही तांबूस वर आले होते. आठवड्याने तेथे तिसरे पान उलगडत होते. नखाएवढ्या त्या पानावर केस होते आणि प्रत्येक केसावर एक थेंब.

आम्ही नातीला कळविले. तिने विचारले, "काही घातलंत का?" आम्ही खरे ते सांगितले.

श्रावणात खिडकीतून आलेले एक चिलट आपल्या पायांनी त्या पानावर जाऊन बसले. आम्ही ते सोडविलेही नाही आणि त्याचे कौतुकही केले नाही. दवबिंदूला आता बारा पाने आहेत. पाणी पावसाचेच लागते, आणि ते पुढच्या आषाढापर्यंत पुरवावे लागते, म्हणून आमच्या जिन्याखाली बाटल्यांची रांग असते. गेल्या पावसाळ्यात बांनी आपल्या गच्चीवरही एक पातेले मांडले. झाड तुमचे पापी असेल, पण पाणी तर देवाचे आहे, असे म्हणून त्यांनी गाळलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या आणून दिल्या. त्या अजूनही खिडकीकडे पाठ करूनच बसतात.